काळा डगला सोडून कुलपाकडे

महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरात लोखंडी कपाटाला नुसते कपाट म्हणण्याची पद्धत नव्हती. ते गोदरेजचे कपाट असे. प्रत्यक्षात ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घेतलेले असले, तरी नाव हेच. मुलीच्या लग्नात ते द्यायचे, बदली झाली की टेंपोत सर्वांत आधी तेच चढवायचे आणि त्याची किल्ली आजीच्या कमरेला नाहीतर देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला. आतल्या चोरकप्प्यात दागिने, पोस्टाची पासबुके, घराचे कागद. घरातल्या विश्वासाची जागा म्हणजे ते कपाट.

गंमत अशी, की ज्यांचे आडनाव अशा रीतीने विश्वासाचा शिक्का बनले, ते अर्देशिर बुर्जोरजी गोदरेज काही कुलपे करायला शिकलेले नव्हते. ते शिकले होते वकिली. आणि ही वकिली त्यांनी उंबरठ्यावरच सोडली.

अर्देशिरांना जो पेच पडला, त्याचे आजचे रूप आपल्याही घरांत दिसते. मुलगा किंवा मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आली, की जेवणाच्या ताटावर चर्चा सुरू होते. कायदा करायचा की एमबीए? मामा वकील आहेत, त्यांचे ऑफिस तयार आहे. पण शेजारच्यांचा मुलगा एमबीए होऊन कुठल्या कुठे गेला. मग फी किती, वर्षे किती, सुरुवातीचा पगार किती, याचे कोष्टक मांडले जाते. ते मांडायलाच हवे. पण त्यात एक रकाना सहसा नसतो. या पेशात रोज सकाळी उठून मला काय काय करावे लागेल, आणि त्यातले काय मला जमणारच नाही? अर्देशिरांचे सारे आयुष्य या एका रकान्याने वळवले.

मुंबईतला तरुण

अर्देशिरांचा जन्म २६ मार्च १८६८ चा, मुंबईतला. बुर्जोरजी आणि दोसीबाई यांच्या सहा मुलांतले ते थोरले. घराणे सुखवस्तू पारशी. आजोबा सोराबजी आणि वडील बुर्जोरजी यांचा जमीनजुमल्याचा व्यवहार होता. मूळचे आडनाव वेगळे होते. १८७१ मध्ये, अर्देशिर तीन वर्षांचे असताना, वडिलांनी ते बदलून गोदरेज केले.

त्या काळच्या मुंबईत हुशार मुलाने वकील व्हावे, ही जवळजवळ ठरलेलीच गोष्ट होती. हायकोर्टाची आजची भव्य इमारत १८७८ मध्ये उभी राहिली होती. फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी, काशिनाथ त्र्यंबक तेलंग ही शहराची मोठी माणसे, आणि तिघेही कायद्याच्या वाटेने मोठी झालेली. तेलंग तर १८८९ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. पैसा, मान आणि देशकार्य या तिन्हींची किल्ली कायद्याच्या पदवीत आहे, असे तेव्हाच्या आईबापांना वाटले तर त्यात नवल नव्हते.

१८९० मध्ये अर्देशिरांचा विवाह झाला. पत्नी बचूबाई जेमतेम अठरा वर्षांच्या. संसाराला पुरते वर्षही झाले नसेल तोच तो दिवस आला. २५ एप्रिल १८९१ रोजी बचूबाई आणि त्यांच्या नात्यातल्या पिरोजबाई विद्यापीठाच्या आवारातल्या राजाबाई टॉवरवर गेल्या होत्या. वरून शहर पाहायला लोक तेव्हा हौसेने जात. दोघी तिथून खाली कोसळल्या आणि दोघींचाही मृत्यू झाला. त्यांच्यावर कोणीतरी हल्ला केला असा आरोप झाला, खटला हायकोर्टात उभा राहिला आणि आरोपी निर्दोष सुटला. साऱ्या मुंबईत त्यावर वादंग माजले. अर्देशिर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. त्यांना मूलबाळ नव्हते.

न्यायालय नावाची गोष्ट अर्देशिरांनी अशी आधी स्वतःच्या घरावरच्या आघातातून पाहिली. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी ते स्वतः वकील म्हणून परदेशी कोर्टात उभे राहायला निघाले.

झांझिबारचा खटला

साल १८९४. मुंबईतल्या सॉलिसिटरांच्या एका पेढीने या ताज्या दमाच्या वकिलाला पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर पाठवले. आज ऐकताना हे दूरचे वाटते, पण तेव्हा झांझिबार मुंबईच्या अंगणातच होते म्हणा ना. तिथे लवंगेचा मोठा व्यापार, आणि त्यात कच्छ-काठियावाडचे भाटिया, खोजा, मेमण व्यापारी आघाडीवर. बाजारात रुपया चाले. १८९० पासून बेट ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली आले होते आणि तिथल्या ब्रिटिश कोर्टाच्या निकालावरचे अपील थेट मुंबई हायकोर्टात येत असे. तेव्हा खटला झांझिबारचा आणि वकील मुंबईचा, हे अगदी रीतीला धरून होते.

सुरुवातीला सारे सुरळीत चालले होते. मग अर्देशिरांच्या ध्यानात आले, की अशिलाची बाजू नीट मांडायची तर जी गोष्ट आपल्याला खरी वाटत नाही, ती कोर्टापुढे खरी म्हणून ठेवावी लागेल. त्यांनी नकार दिला. समजूत घालण्याचे प्रयत्न झाले. ते बधले नाहीत. शेवटी अशिलाला दुसरा वकील पाहावा लागला. १८९५ मध्ये अर्देशिर मुंबईला परतले आणि त्यांनी वकिली कायमची सोडून दिली.

चांगले विचार, चांगली वाणी, चांगली कृती ही पारशी धर्माची तीन सूत्रे त्या समाजातल्या प्रत्येक मुलाला पाठ असतात. पाठ असणे वेगळे आणि परक्या बेटावर, हातात पहिले मोठे काम असताना ती आठवणे वेगळे. घरी परतलेल्या मुलाकडे पाहून नातेवाईक काय म्हणाले असतील, याची कल्पना कुठल्याही मराठी घराला करता येईल. एवढे शिकवले, परदेशी धाडले आणि हा हात हलवीत परत आला!

मात्र एक घाईचा निष्कर्ष इथे टाळायला हवा. कायद्याचा पेशाच खोटा, म्हणून सच्च्या माणसाने तो सोडला, असे ही गोष्ट सांगत नाही. अर्देशिरांपेक्षा वर्षभराने लहान असलेला आणखी एक गुजराती भाषिक वकील याच सुमारास आफ्रिकेत होता. मोहनदास करमचंद गांधी १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या खटल्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. तो वाद त्यांनी लवादाकडे नेऊन दोन्ही पक्षांत समेट घडवला, आणि पुढे जवळजवळ वीस वर्षे तिथे वकिली केली, तीही सत्य न सोडता. म्हणजे वाट एकच, माणसे दोन, दोघेही सत्याचे आग्रही. एकाला त्या पेशात राहून आपला मार्ग सापडला, दुसऱ्याला त्यातून बाहेर पडूनच श्वास घेता आला. दोष पेशाचा नव्हता. प्रश्न माणसाच्या घडणीचा होता.

पदवी नव्हती, दुकान होते

वकिली सोडली, आता पुढे काय? आज आपण म्हणू, एमबीए करावे. तेव्हा ती सोयच नव्हती. मुंबईत कायद्याचे सरकारी शिक्षण १८५५ पासून मिळत होते, तंत्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १८८७ मध्ये निघाली होती, पण व्यापार शिकवणारे महाविद्यालय नव्हते. आशियातले पहिले म्हणून ओळखले जाणारे सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालय मुंबईत निघाले ते १९१३ मध्ये. तोपर्यंत व्यापाराची शाळा म्हणजे दुकान, गुदाम आणि कर्ज.

अर्देशिर एका औषधविक्रेत्याकडे मदतनीस म्हणून कामाला लागले. वकिलाची पायरी सोडून काउंटरमागे उभे राहायला लाज वाटली नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तिथे त्यांच्या नजरेस आली शस्त्रक्रियेची उपकरणे. चाकू, कात्र्या, चिमटे सारे विलायतेहून येत होते. हे इथे का होऊ नये, असे त्यांना वाटले आणि ते बनवायचे ठरले.

भांडवलासाठी ते वडिलांकडे गेले नाहीत. वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचरजी कामा यांच्याकडे गेले आणि त्यांच्याकडून तीन हजार रुपये कर्जाऊ घेतले. घरचे सधन असताना बाहेर हात का पसरायचा, असा प्रश्न कामांना पडणे साहजिक होते. त्यावर अर्देशिरांचे म्हणणे असे, की वडील पैसे देतील, पण ते बक्षीस म्हणून देतील. त्यांना बक्षीस नको होते, कर्ज हवे होते. धंदा म्हणजे परतफेडीची जबाबदारी, हा धडा त्यांनी कुठल्याही वर्गात न बसता आत्मसात केला होता.

उपकरणे तयार झाली. दुकानाच्या मालकाने ती पारखली, दर्जाही मान्य केला. घोडे अडले ते एका शिक्क्यावर. उपकरणांवर ती हिंदुस्थानात बनल्याचा ठसा हवा, असा अर्देशिरांचा आग्रह. तो ठसा पाहिला की डॉक्टर माल उचलणार नाहीत, असे मालकाचे मत. व्यवहाराच्या दृष्टीने मालकाचेही काही अगदीच चुकत नव्हते. त्या काळी विलायती नावावरच विश्वास बसत असे. पण अर्देशिर हटले नाहीत. सौदा फिसकटला आणि धंदा बुडाला.

अर्देशिरांच्या चरित्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा ही आहे. वकिली सोडून धंद्यात आलेल्या माणसाला अवघ्या काही महिन्यांत कळले, की झांझिबारचा प्रश्न बोटीतून त्याच्याबरोबरच मुंबईला आला आहे. तिथे सांगितले होते, खरे नाही ते खरे म्हण. इथे सांगितले जात होते, खरे आहे ते झाकून ठेव. कोर्ट बदलले, काळा डगला गेला, पण मागणी तीच. म्हणून एक पेशा पवित्र आणि दुसरा पापी अशी वाटणी करून मुलांना सल्ला देणारे आपण वडीलधारे लोक त्यांची फसवणूकच करत असतो.

लालबागची शेड

तिसऱ्या प्रयत्नाचे बीज वर्तमानपत्रातल्या एका बातमीत होते. मुंबईत घरफोड्या वाढल्या आहेत आणि लोकांनी आपापल्या घरांना चांगली कुलपे लावावीत, असा पोलिसांचा इशारा होता. त्याच सुमारास, १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावी गेले. चाळीच्या चाळी ओस पडल्या. बंद दाराच्या कुलपावर मुंबईकराला इतके विसंबून राहावे लागण्याची वेळ क्वचितच आली असेल.

अर्देशिर पुन्हा कामांकडे गेले. पहिले कर्ज ज्या धंद्यात बुडाले होते, त्याच माणसाला दुसऱ्या धंद्यासाठी कामांनी पुन्हा पैसे दिले. आज बँकेचा कुठला मॅनेजर हे धाडस करील? कामांनी तारण म्हणून काय पाहिले असेल, तर ते बहुधा बुडालेल्या धंद्याचे कारणच. पुढे कामांच्या पुतण्याचे, बॉइस यांचे नाव भागीदार म्हणून कंपनीला जोडले गेले. ते भागीदार लवकरच बाहेर पडले, पण गोदरेज अँड बॉइस हे नाव तसेच राहिले.

७ मे १८९७ रोजी लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारी, सुमारे २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये काम सुरू झाले. आजच्या एका मध्यम आकाराच्या दिवाणखान्याएवढी ती जागा. कामाला डझनभर कारागीर, काही गुजरातचे, काही मलबारचे. आजूबाजूला गिरणगाव आणि शहरात प्लेग.

कुलपाचे यंत्र समजून घेतले, की अर्देशिर त्यात का रमले ते कळते. चांगल्या कुलपाच्या पोटात एकावर एक अशा धातूच्या पातळ पट्ट्या, म्हणजे लिव्हर असतात. किल्लीच्या दात्यांनी प्रत्येक पट्टी नेमकी ठरलेल्या उंचीपर्यंत उचलली, तरच सगळ्यांच्या खाचा एका रेषेत येतात आणि अडसर सरकतो. एखादी पट्टी केसभर कमी किंवा केसभर जास्त उचलली गेली, की कुलूप उघडत नाही. त्या काळच्या विलायती कुलपांत या पट्ट्या जागेवर बसवायला बारीक स्प्रिंगा असत. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत अशा स्प्रिंगा गंजायच्या, मोडायच्या, आणि मग खरी किल्ली लावूनही कुलूप हटून बसायचे. अर्देशिरांनी या स्प्रिंगाच काढून टाकल्या. बिनस्प्रिंगेचे कुलूप तयार केले आणि त्याचे पेटंट घेतले.

आपल्या कुलपाबरोबर ते हमी देत, की याला दुसरी किल्ली लागणार नाही. वकील म्हणून जे त्यांना जमले नव्हते, ते इथे जमले, कारण इथे शब्द आणि वस्तू यांच्यात अंतर नव्हते. कुलूप एकतर परक्या किल्लीने उघडते किंवा उघडत नाही. त्याची बाजू कोणाला रंगवून मांडावी लागत नाही. चोर हाच त्याचा उलटतपासणी घेणारा वकील. खोटे बोलणे ज्याच्या स्वभावातच नव्हते, त्याला अखेर असे काम मिळाले, की जिथे खरेपणा हाच विकण्याचा माल होता.

तिजोरी, साबण आणि धाकटा भाऊ

कुलपामागून तिजोरी आलीच. पहिली तिजोरी १९०२ मध्ये बाजारात आली. कुलूप कितीही पक्के असले तरी पेटी कच्ची असेल तर काय उपयोग, हा साधा विचार त्यामागे होता. चोर आणि आग या दोन्ही शत्रूंचा विचार करून ती बनवली होती. अर्देशिरांच्या पश्चात, १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत प्रचंड स्फोट झाला, तेव्हा त्या वणव्यातून निघालेल्या तिजोऱ्यांमधले कागद शाबूत राहिले, ही गोष्ट कंपनीच्या इतिहासात मानाने सांगितली जाते. ज्या लोखंडी कपाटाने मराठी घरात मानाची जागा मिळवली, ते आले १९२३ मध्ये.

त्याआधी अर्देशिर साबणाकडे वळले होते. साबणात जनावराची चरबी असते, म्हणून अनेक घरांत तो वर्ज्य असे. पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास त्यांनी वनस्पती तेलापासून साबण बनवला. त्यांच्या एका साबणाचे नाव होते नंबर दोन. नंबर एक नंतर आला. दुसऱ्या क्रमांकाचा साबण इतका चांगला, तर पहिल्या क्रमांकाचा किती चांगला असेल, असे गिऱ्हाइकाला वाटावे, ही त्यामागची युक्ती. आज विपणनशास्त्राच्या वर्गात शोभेल अशी. खुद्द रवींद्रनाथ ठाकूर या साबणाच्या जाहिरातीत झळकले.

स्वदेशीबद्दल मात्र त्यांची मते भाबडी नव्हती. देशी आहे म्हणून कमअस्सल माल गळ्यात मारणे त्यांना मान्य नव्हते. देशी माल विलायतीच्या तोडीस तोड हवा, तरच त्यावर ठसा मारण्यात अर्थ. ज्या ठशापायी त्यांचा पहिला धंदा बुडाला, त्या ठशाची किंमत ते जाणून होते. लोकमान्यांच्या निधनानंतर १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर वर्गणी गोळा झाली, तेव्हा अर्देशिरांनी तीन लाख रुपये दिले. तीन हजारांच्या कर्जावर सुरुवात करणाऱ्या माणसाचा हा पाव शतकाचा प्रवास.

पण अर्देशिरांना एकट्यालाच सारे श्रेय देणे खरे होणार नाही, आणि ते त्यांनाही आवडले नसते. ते कल्पक होते, शोधक होते, आणि तितकेच अस्थिरही. एक गोष्ट जमली, की त्यांचे मन पुढच्या गोष्टीकडे धावे. कारखाना वाढवणे आणि व्याप सांभाळणे हे काम केले त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान असलेल्या भावाने, पिरोजशांनी. पुढे विक्रोळीची प्रचंड वसाहत त्यांनीच उभी केली आणि तिथल्या कारखान्यात १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो मतपेट्या तयार झाल्या. थोरल्याने शोधायचे आणि धाकट्याने उभारायचे, अशी ही जोडी. आजच्या भाषेत सांगायचे, तर व्यवस्थापनाची पदवी खऱ्या अर्थाने शोभली असती ती पिरोजशांना. अर्देशिर त्या वर्गातूनही कदाचित उठून गेले असते.

आणि एका अर्थाने ते उठून गेलेच. वाढता धंदा भावाच्या हाती सोपवून ते नाशिककडे गेले आणि शेतीत रमले. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. वकिली, औषधाचे दुकान, शस्त्रक्रियेची उपकरणे, कुलपे, तिजोऱ्या, साबण आणि अखेर काळी माती, असा हा अडुसष्टाव्या वर्षी संपलेला प्रवास. २०२४ मध्ये, लालबागच्या त्या शेडनंतर १२७ वर्षांनी, गोदरेज कुटुंबाने समूहाचे व्यवसाय आपसात वाटून घेतले. वाटणी झाली ती सामंजस्याच्या कराराने, कोर्टकज्जे न करता. कोर्टातून परत फिरलेल्या मूळ पुरुषाच्या घराण्याला हे साजेसेच झाले.

आता पुन्हा आपल्या घरातल्या प्रश्नाकडे. कायदा की व्यवस्थापन? अर्देशिरांचे चरित्र याचे उत्तर देत नाही, आणि कोणाच्याही चरित्राने ते देऊ नये. ते चरित्र घेऊन वकिलीला नाके मुरडणे हा तर गांधींपासून आंबेडकरांपर्यंत सगळ्यांवर अन्याय होईल. मात्र कोष्टकात एक रकाना वाढवायला ते जरूर शिकवते. मुलाला एखाद्या वकिलाबरोबर आठवडाभर कोर्टात बसू द्यावे. एखाद्या कारखान्यात, दुकानात, विक्रीच्या फेरीवर जाऊ द्यावे. संध्याकाळी घरी आल्यावर त्याला पगाराबद्दल विचारू नये. आज तिथे असे काय दिसले, जे तुझ्या हातून होणार नाही, एवढेच विचारावे.

मुलाने दोन्हीकडचे काहीतरी सांगितले, तर घाबरून जाऊ नये. अर्देशिरांनाही दोन्हीकडे नकार द्यावा लागला होता. त्यांचे वेगळेपण इतकेच, की त्या दोन नकारांनंतर ते निराश होऊन बसले नाहीत. आपला स्वभाव जिथे अडचण न ठरता भांडवल ठरेल, अशी जागा ते शोधत राहिले. त्यांना ती एकोणतिसाव्या वर्षी, लालबागच्या एका शेडमध्ये सापडली. आपल्या मुलांना तेविसाव्या वर्षी सापडली नाही, तर तेवढी सवड त्यांना द्यायला काय हरकत आहे?